दिसतंय, पर सुटंना

मी डॉक्टर नव्हे. हे मी उंब्रज गावाला शंभरदा सांगून झालंय. पंधरा वर्षं लष्करी दवाखान्यात पट्ट्या बांधल्या, सुया टोचल्या, आणि पेन्शन घेऊन गावी आल्यावर पेठेत एक खोली धरून तेच करत बसलो, एवढंच. पण गाव ऐकतंय होय! मायाप्पानं तर पहिल्या दिवसापासून मला डाक्टर केलं, आणि मीही त्या नावाला इतका सरावलो की खरोखरचा डॉक्टर असल्यासारखा निकाल देऊन मोकळा झालो. तो निकाल त्याला भोवला. म्हणून हे लिहायला बसलोय, नाहीतर लिहायची हौस मला कधीच नव्हती.

मायाप्पा कवठे महांकाळकडचा मेंढपाळ. दिवाळी उरकली की तो, त्याचा पोरगा बिरा, सून ठकू, दोन घोड्या, तीन कुत्री आणि चारेकशे काळी मेंढरं घर सोडून मावळतीकडं निघायची आणि पौषात कधीतरी आमच्या दादाच्या रानात येऊन उतरायची. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. ऊस तुटून गेला की नांगरलेल्या रानात आठ-दहा दिवस मेंढरं बसवायची. त्यांच्या लेंड्या-मुतानं रान असं कसदार होतं की दुसरं खत घालायला नको. त्यामुळं दादा त्याची वाट बघायचा आणि तो यायचा. वर्षानुवर्षं असंच चाललेलं.

अंगानं वाळका, उंच, डोक्याला तांबडं पागोटं, खांद्यावर घोंगडं. बोलणं कमी. जे बोलायचा त्यातलं निम्मं मेंढरांशी. माणसाशी बोलतानाही त्याची नजर माणसावर नसायची, मागं कुठंतरी शिवारात फिरत असायची. माझ्या बायकोला त्याचा राग यायचा. ती म्हणायची, हा माणूस भाकरी घेतो माझ्या हातातून आणि बघतो ओढ्याकडं. मी म्हणायचो, अगं, त्याचं पोटच नजरेवर चाललंय.

आणि ते खरंच होतं. संध्याकाळी मेंढरं जाळीच्या कुंपणात घालायची वेळ झाली की मायाप्पा कुंपणाच्या तोंडाशी काठी आडवी धरून उभा राहायचा. काठी उचलली की कळप आत घुसायचा, एकमेकांच्या पाठीवर चढत, धुरळा उडवत. तो मोजायचा नाही. किती आत गेली विचारलं तर त्याला सांगता यायचं नाही. पण कोण आलं नाही ते सांगायचा. "भुंडी ऱ्हायली, वगळीला असंल," म्हणायचा, आणि बिरा ओढ्याच्या वगळीकडं पळायचा. भुंडी तिथंच असायची. मला ती चारशे तोंडं सारखीच दिसायची. मी तसं म्हटलं तर हसून म्हणाला, "तुमच्या पेठंतली माणसं बी मला सारखीच दिसत्यात, डाक्टर."

एकदा टेकाडावर आम्ही दोघं बिडी ओढत बसलो होतो. समोर कुसळाचं गवत कमरेएवढं वाढलेलं आणि वाऱ्यावर सगळं हलत होतं. मायाप्पानं एकदम माझ्या हातातली बिडी विझवली आणि हळूच म्हणाला, लांडगा. कुठं? तो बोटानं दाखवतोय आणि मला नुसतं गवत. मी लष्करातला माणूस, मला लाज वाटायला लागली. शेवटी त्यानं सांगितलं, "समदं हलतंय. त्या एका जागंचं हलंना. ते गवत न्हवं." मग मला दोन कान दिसले. एकदा दिसल्यावर न दिसणं शक्यच नव्हतं. आधी हे कसं दिसलं नाही याचंच नवल वाटत राहिलं. कुत्र्यांनी त्याला पार डोंगरापलीकडं हुसकला.

मायाप्पाच्या बापानं म्हातारपणी काठी त्याच्या हातात दिली होती ती याच नजरेमुळं. त्यांच्यात थोरलेपण वयानं येत नाही. संध्याकाळी तोंडाशी उभं राहून कोण आलं नाही हे जो सांगतो, तो वाड्याचा, म्हणजे मेंढरं-माणसं मिळून साऱ्या तळाचा, मुख्य. ज्याला ते सांगता येत नाही त्यानं घरी बसायचं, म्हाताऱ्या बायांबरोबर. मायाप्पाला घर कधी ठाऊकच नव्हतं. पावसाळ्याचे चार महिने तो घरी काढायचा तेसुद्धा अंगणात घोंगडं टाकून.

मग ते घोडीचं झालं. उन्हाळ्यात परत जाताना माधवनगरच्या बाजूला ते मुक्कामाला उतरले होते. घोडीवरचं ओझं सोडायला मायाप्पा तिच्या मागं वाकला, तेवढ्यात कुठल्याशा गिरणीचा भोंगा झाला. घोडी बुजली आणि तिनं दोन्ही पाय झाडले. टाप बरोबर डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर बसली. दोन दिवस तो शुद्धीवर नव्हता. तिसऱ्या दिवशी उठून बसला, पाणी मागितलं, सुनेला नावानं हाक मारली, आणि सगळ्यांनी बिरोबाला नारळ फोडला. हे मला पुढच्या पौषात कळलं, तोवर खोक भरून वर केस आले होते.

त्या वर्षी दादा माझ्यावर कावून आला. म्हणाला, तुझ्या त्या मायाप्पाला काय झालंय बघ. मेंढरं बसू देत नाही. जरा कुठं कळप टेकला की हा उठून हाकारतो, गोल गोल फिरवतो. रात्रभर फिरवतो म्हणे. "म्या रान खतवाय आणल्यात का परदक्षणा घालाय?" असं दादाचं म्हणणं, आणि ते काही चुकीचं नव्हतं. मेंढरांच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या. बिरा वैतागला होता. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, आबा संध्याकाळचं काही सांगत नाही, उगीच काठी आडवी धरून उभा राहतो, दोन मेंढरं वाटेत गेली ती त्याला कळलीसुद्धा नाहीत. पितोय का विचारलं तर चिडतो. पुढं बिरा खाली बघून म्हणाला की लोक म्हणतात, आबानं अंग काढून घेतलंय.

मी मायाप्पाला खोलीवर बोलावलं. माझी खोली नुकतीच चुना देऊन पांढरीधोप केली होती, लष्करी सवय. त्याला भिंतीसमोर बसवलं. बोटं दाखवली, त्यानं बरोबर सांगितली. कात्री धरली, कात्री म्हणाला. सुई धरली, सुई. दहा हातांवर माझं घड्याळ धरलं, तर काटे कुठं आहेत तेसुद्धा सांगितलं. त्याचे डोळे माझ्यापेक्षा चांगले होते.

मग मी विचारलं, बाबा, तुला होतंय तरी काय? त्यानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. शब्द शोधत असावा. शेवटी म्हणाला, "दिसतंय, डाक्टर. पर सुटंना."

"काय सुटंना?"

"समदंच. एकमेकाला चिकाटलंय. मेंढरू मातीला, माती बांधाला. हललं की सुटतंय, ऱ्हायलं की परत जातंय आत."

आता मी काय करायला हवं होतं? त्याचा हात धरून त्याला दारात न्यायला हवं होतं. दारापुढच्या गिचमिडीत एक वस्तू ठेवून, सांग म्हणायला हवं होतं. एवढं साधं. पण मी शहाणा! पांढऱ्या भिंतीवर सगळं दिसतंय म्हणजे सगळं दिसतंय, असा माझा हिशेब. मी बिराला सांगून टाकलं की डोळे ठणठणीत आहेत, रोग काही नाही, मन घाबरलंय, कामाला लावा म्हणजे येईल ताळ्यावर. आणि मायाप्पाच्या पाठीवर थाप मारून म्हणालो, नाटकं पुरे. तो हसला नाही की चिडला नाही. उठताना त्यानं दाराची चौकट हातानं चाचपली, हे मला दिसलं होतं. मी तेही नाटकात धरलं.

डाक्टरनं सांगितलं म्हणजे झालं. घरच्यांची होती नव्हती तेवढी कीव गेली. बिरा बापावर वसकन ओरडायला लागला. ठकू तेवढी काही बोलायची नाही. ती फार शहाणी बाई. तिनं एवढंच केलं की सासऱ्याची भाकरी काळ्या तव्यावरून काढून घोंगड्यावर द्यायची ती जर्मनच्या चकचकीत ताटात, ताट एकटं मोकळ्या जागी ठेवून द्यायला लागली. असं का करतेस, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, आबांचा हात ताटात नीट पडतो, घोंगड्यावर भाकरी ठेवली की हात आजूबाजूला फिरतो. तिनं पाहिलं होतं. मी तपासलं होतं.

पुढच्या खेपेला, दुपारची गोष्ट. बिराची पोर सुली, तीन वर्षांची, रानात खेळून खेळून दमली आणि आईनं तिला नांगरटीतच घोंगड्यात गुंडाळून झोपवली. उंब्रजची माती कोळशासारखी काळी. घोंगडं काळं, शेजारी मेंढरं बसलेली तीही काळी. मायाप्पा ओढ्यावरून पाण्याची घागर खांद्यावर घेऊन आला. बाकी सगळ्यांना तिथं एक मूल झोपलेलं दिसत होतं, म्हणून कुणी सांगितलं नाही. त्याचा पाय पोरीच्या हातावर पडला, भरल्या घागरीच्या ओझ्यानिशी.

हाड मोडल्याचा आवाज दादानं बांधावरून ऐकला, असं तो अजून सांगतो. मला ते पटत नाही, पण पोरीची किंकाळी मी स्वतः ऐकली, कारण मी रस्त्यावरच होतो. पळत गेलो. हात कोपराखाली मोडला होता. बांबूच्या कांबी लावून बांधला, आणि हे काम मला येतं, तो हात नंतर सरळ जुळला. पट्टी बांधून वर बघितलं तर मायाप्पा होता तिथंच उभा. घागर फुटून त्याच्या पायाशी पाणी झालेलं. बिरा त्याला नाही नाही ते बोलत होता आणि तो कुणाकडंच बघत नव्हता. मला जवळ आलेला बघून म्हणाला, "माती उठून रडाय लागली, डाक्टर. तवा मला सुली दिसली."

तो तिथंच खाली बसला. एक पाऊल टाकायला तयार होईना. कुणी धरून उठवलं तर अंग टाकून द्यायचा. दीड दिवस तो त्याच सरीत बसून होता. पाय पुढं टाकायचा तर कुणावर पडेल हे त्याला कळायला मार्ग नव्हता, आणि हे सगळं उघड्या रानात, चारी बाजूंनी मोकळं असताना. मी त्याच्यापुढं बसलो.  माझ्या पायात एक काळी चप्पल होती, ती काढून मी गुपचूप त्याच्यापुढं मातीत ठेवली आणि विचारलं, इथं काय आहे? त्यानं बघितलं. पुष्कळ बघितलं. मग मान आपणहून डावी-उजवी हलवली, तरी नाही. मी चप्पल बोटानं सरकवली. "चप्पल," तो लगेच म्हणाला. मी थांबलो. थोड्या वेळानं तो म्हणाला, "गेली." ती त्याच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होती.

मला शरम वाटली म्हणणं फार कमी आहे. मी त्याची माफी मागितली, दादासमोर, बिरासमोर. आणि दुसऱ्याच दिवशी, माझ्या पावलामागं पाऊल टाकायला लावून, त्याला घेऊन सांगलीला गेलो.

सांगलीत एस. टी.तून उतरल्यावर त्यानं माझा सदरा मागून मुठीत धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. पेठेतली गर्दी चालत होती तोवर त्याला माणसं दिसत होती. एखादा दुकानापुढं उभा राहिला की तो त्याच्यावर जाऊन आदळायचा. लोक शिव्या घालायचे. मी सांगायचो, बाबांनो, त्याला दिसत नाही. त्यावर त्याच्या डोळ्यांत बघून लोक मलाच वेड्यात काढायचे. रस्ता ओलांडताना त्यानं डोळे गच्च मिटून घेतले. म्हणाला, मिटलं की बरं वाटतंय, निदान सगळं अंगावर येत नाही.

तिथल्या दवाखान्यातले डॉक्टर वयानं तरुण, पण घाई नसलेला माणूस. त्यांनी आधी डोळे तपासले आणि मी म्हणालो होतो तेच म्हणाले, ठणठणीत. मग डोक्याच्या मागं हात फिरवून खळगी बघितली. एका कागदावर कात्री, किल्ली, पेला अशी तीन चित्रं वेगवेगळी काढली. मायाप्पानं तिन्ही ओळखली. मग तीच तिन्ही एकमेकांवर काढली. मायाप्पा म्हणाला, काट्याकुट्या हायत. डॉक्टरांनी आपलं घड्याळ फुलाफुलांच्या चादरीवर टाकलं. नाही दिसलं. चादर ओढली, घड्याळ हललं, दिसलं.

मी विचारलं, साहेब, डोळे चांगले मग हे काय? त्यांनी फार छान सांगितलं. म्हणाले, डोळा नुसता उजेड-अंधार किती ते मागं पाठवतो. मेंढरू कुठं संपलं आणि माती कुठं सुरू झाली, हे डोळ्याला ठाऊक नसतं. ते डोक्याच्या अगदी मागच्या भागात ठरतं. शेती आहे ना तुमची? दोन रानांमधला बांध कुणाचा? मी म्हणालो, त्यावरून आमच्याकडं डोकी फुटतात. ते म्हणाले, तोच वाद आपल्या डोक्यात प्रत्येक वस्तूच्या कडेवरून असतो आणि पापणी लवायच्या आत मिटतो. कड मेंढराची, मातीची नव्हे. माती मेंढराखालून पलीकडं गेलीय. हा निवाडा आपण दिवसभर करतो आणि आपल्याला पत्ता नसतो. यांचा निवाडा करणारा भाग दुखावलाय. हलणारी वस्तू ओळखायची वाट निराळी, ती यांची शाबूत आहे. आणि पांढऱ्यावर एकटी काळी वस्तू असेल तर फारसा वादच नसतो, म्हणून तेवढं जमतं.

मायाप्पा हे सगळं मान खाली घालून ऐकत होता. मला वाटलं, त्याला काही कळलं नसेल. तो म्हणाला, "म्हंजी बांधच ग्येलं."

डॉक्टर म्हणाले, होय.

"परत घालता येतील?"

डॉक्टर नाही म्हणाले. उगीच आशा लावली नाही, याबद्दल मी त्यांना मानतो, पण त्या क्षणी त्यांचा राग आला. मायाप्पानं मान वर केली. डॉक्टरांच्या मागं औषधांच्या बाटल्यांचं कपाट होतं आणि ते स्वस्थ बसलेले. त्याला ते दिसत नसावेत, कारण तो थोडा बाजूलाच बघत बोलला. "मग मी ह्यातनं भाईर कसा यिऊ?" डॉक्टरांनी त्याचा हात हातात घेतला. 

परतल्यावर मी ठकूला सगळं सांगितलं. माझ्या खोलीच्या पांढऱ्या भिंतीनं मला कसं फसवलं तेही सांगितलं. बिरानं तोवर ठरवलं होतं की आबांनी आता घरी बसायचं. बापाबद्दलचा राग त्याच्या मनातून गेला होता, पण पोरीचा हात त्याच्या डोळ्यांसमोर होता आणि कळप तर चाललाच पाहिजे. मायाप्पानं काठी त्याच्या हातात दिली. वाद घातला नाही. त्यानंतर तो उंब्रजला आला नाही. दर पौषात बिरा यायचा, तोंडाशी उभा राहायचा आणि मोजायचा, एक-दोन करत.

चारेक वर्षांनी दिवाळीनंतर मी मुद्दाम कवठे महांकाळला जाऊन तिथून त्यांच्या वस्तीवर गेलो. योगायोग असा की कळप त्याच दिवशी निघायचा होता. घोड्या लादलेल्या, कुत्री अस्वस्थ. वस्तीची मागची लांब भिंत ठकूनं चुन्यानं पांढरीशुभ्र केली होती. अंगण शेणानं न सारवता तिथं पांढरी रेती पसरलेली. आणि भिंतीसमोर पंधरा-वीस हातांवर मायाप्पा बाजेवर बसलेला, पाठ ताठ, तोंड भिंतीकडं.

बिरा एका टोकाला उभा होता. तो एकेक मेंढरू सोडत होता. मेंढरू भिंतीपुढून जायचं, मधोमध सुली, हात मोडलेली ती पोर आता मोठी झाली होती, त्याला क्षणभर धरून उभं करायची, आणि मायाप्पा नाव घ्यायचा. मोरी. कानी. भुंडीची पोर. तुळशी, हिचा मागचा पाय बघा रं, दुखतोय. सुली सोडायची आणि मेंढरू पलीकडं वाटेला लागायचं. चारशे मेंढरं अशी जायला सकाळ गेली. कुणी घाई केली नाही. कळप घरी असला की रोज संध्याकाळी थोडीथोडी मेंढरं अशीच भिंतीपुढून जातात, असं ठकू म्हणाली. पावसाळ्यात तो कुठल्या मेंढराला काय झालं हे बिराच्या आधी सांगतो. मी विचारलं, आणि तुम्ही गेल्यावर? ती गाठोडं घोडीवर चढवायला गेली.

मी भिंतीपुढं जाऊन उभा राहिलो. तो हसला. "डाक्टर! वाळलासा." आम्ही बोललो, थोडंच. शेवटचं मेंढरू गेलं. बिरा पाया पडला, ठकू पडली, सुलीनं त्याच्या गळ्यात हात टाकले. मग माणसं, घोड्या, कुत्री सगळी वळणापलीकडं गेली आणि घंटांचा आवाजही गेला. घरात एक म्हातारी चुलतबहीण तेवढी उरली होती. मायाप्पा भिंतीकडंच बघत बसला. ती आता जेठापर्यंत तशीच राहणार होती, पांढरी आणि मोकळी. त्यानं मान वळवली असती तर माळ होता, बाभळी होत्या, आभाळ होतं, आणि त्यातलं काहीच त्याच्यासाठी सुटं नव्हतं. तो मान वळवत नव्हता.

मी भिंतीपुढून निघून त्याच्या बाजेजवळ, बाभळीशी येऊन उभा राहिलो.  तो माझ्या दिशेनं वळला. माझ्यावरून त्याची नजर गेली आणि परत आली.

"डाक्टर, हायसा का ग्येलासा?"

 मी हात वर करून हलवला.

"हायसा," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा सैल झाला.

एस. टी.ला दीड तास होता. मी हात खाली घेतला नाही. एक दुखायला लागला की दुसरा हलवायचो.